बारा पायऱ्यांचा उजेड

हेमलता आंबी कपाळावर पांढरी शुभ्र पट्टी घेऊन घरी आली, तेव्हा तिचे यजमान जयसिंगराव चष्मा सावरत म्हणाले, "वा! आज चेहरा कसा टवटवीत दिसतोय तुझा."

हेमलता दारातच थांबली. सकाळी थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनच्या लोखंडी पायरीवरून तिचा पाय घसरला होता. चार टाके पडले होते आणि भुवईपासून केसांपर्यंत जाडजूड पट्टी चिकटवली होती. फाटकापासून घरापर्यंत येईतो तीन शेजारणींनी "अगंबाई, हे काय झालं?" म्हणून तिला अडवलं होतं. आणि ज्या माणसाच्या डाव्या डोळ्यात आठ महिन्यांपूर्वी पुन्हा उजेड आला होता, तो दोन हातांच्या अंतरावर उभा राहून कौतुकानं हसत होता.

"हो का?" ती म्हणाली. "गाडीत जरा डुलकी काढली, म्हणून असेल."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. गेल्या आठ महिन्यांतलं एकेक वाक्य तिला आठवायला लागलं. 'पेपर आला बघ.' पेपर दारात पडल्याचा आवाज कुणालाही येतो. 'ढग भरून आलेत.' ते हवेवरूनही कळतं. 'शेजारच्यांनी नवी गाडी घेतली वाटतं.' इंजिनाचा आवाज बदलला होता. जयसिंगरावांनी सव्वीस वर्षं पाटबंधारे खात्यात कृष्णेची पाणीपातळी मोजली होती. नुसत्या पाण्याच्या आवाजावरून ते फुटाचा अंदाज सांगायचे. अशा माणसाला आंधळेपण लपवणं काय अवघड?

जयसिंगरावांचा आजार आनुवंशिक होता. अडतिसाव्या वर्षी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेकडेनं नजर मिटत आली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी उरलेला मधला ठिपकाही विझला. पुढची बारा वर्षं हेमलता त्यांना घेऊन पुणे, मुंबई, हैदराबाद फिरली. शेवटी मिरजेच्या एका रुग्णालयात दृष्टिपटलाखाली चिप बसवायची सोय झाली. तांदळाच्या दाण्याहून लहान पातळ तबकडी, तिच्यावर काही हजार सूक्ष्म टोकं. चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो, कमरेचा डबा त्याचे विजेचे ठोके बनवतो, ती टोकं ते ठोके मज्जातंतूंना देतात आणि मेंदूला उजेड जाणवतो. ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा जयसिंगराव म्हणाले होते, "दिसतं की!" हेमलता त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पोटभर रडली होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मिरजेला गेली.

डॉ. नसीम मुजावर या चिपच्या विभागप्रमुख होत्या. वयानं हेमलतापेक्षा लहान, बोलायला मोकळ्या. हेमलतानं विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. यांना दिसतं का?"

"चिप चालू आहे, ताई. दर तपासणीत उत्तम चालते."

"मी चिपचं नाही विचारलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उजेड दिसतो. दारखिडकी कळते. त्यापलीकडे... निम्मे पेशंट मला खोटं सांगतात. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून. आणि वर्षभरात चष्मा कपाटात जातो."

"का पण?"

"कारण चिपला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त बारा पायऱ्या दाखवता येतात. तुमच्या-माझ्या डोळ्याला अशा असंख्य छटा कळतात. त्यांना बाराच, आणि रंग नाहीतच."

हेमलता पुढे सरसावून बसली. "त्या बारा पायऱ्या कशा वाटता तुम्ही?"

"म्हणजे?"

"समोर अंधारापासून उन्हापर्यंत सगळं असतं. त्यातलं किती, कुठल्या पायरीत घालायचं, हे कोण ठरवतं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "डबाच ठरवतो. सगळ्यात काळ्यापासून सगळ्यात पांढऱ्यापर्यंत बारा सारखे भाग."

"म्हणजे मी खिडकीजवळ उभी राहिले, की नऊ-दहा पायऱ्या खिडकीच खाणार. माझा सगळा चेहरा उरलेल्या दोन पायऱ्यांत." हेमलताच्या तोंडून हुंकार बाहेर पडला. "अहो डॉक्टर, हे तर आमचंच दुखणं!"

हेमलताचा धंदाच मुळी उजेडाचा होता. एका क्रीडावाहिनीच्या ओबी व्हॅनमध्ये ती बावीस वर्षं व्हिजन इंजिनिअर होती. भर दुपारी नदीकाठी उभं राहा. पाण्यावरून उसळणारं ऊन आणि पुलाखालचा काळोख यांच्यात हजारो पटींचा फरक असतो. माणसाचा डोळा बाहुली लहानमोठी करून, दृष्टिपटलाची संवेदना वरखाली करून तो निभावून नेतो. जुन्या पद्धतीच्या टीव्हीला ते जमत नाही, त्याचा पल्ला लहान. त्या लहान पल्ल्याच्या चित्राला एसडीआर म्हणतात. नव्या पडद्यांचा पल्ला खूप मोठा, ते एचडीआर. मैदानावर कॅमेरे तेच, पण व्हॅनमधून चित्रं दोन निघतात. एक नव्या पडद्यांसाठी आणि एक गावोगावी अजून चालू असलेल्या जुन्या टीव्हींसाठी. एचडीआरमध्ये ढगाची कड आणि सावलीतला चेहरा दोन्ही मावतात. एसडीआरमध्ये मावत नाहीत, म्हणून कुणाला तरी ठरवावं लागतं: ढग पांढरा फटक होऊ द्यायचा, की चेहरा काळा? आणि हे खेळ चालू असताना, दर क्षणाला ठरवावं लागतं. हेमलता एका हाताच्या बोटांखाली, कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते ठरवणारी आयरिसची दांडी धरून हेच करत आली होती. व्हॅनमध्ये सगळे चकचकीत एचडीआरकडे बघत बसायचे. कोपऱ्यातल्या लहानशा पडद्याकडे बघणारी ती एकटी. लोक तिला 'एसडीआरवाल्या बाई' म्हणायचे. आता या हंगामापासून ते काम कन्व्हर्टर करणार होता, जुन्या चित्रणांवरून शिकवून तयार केलेलं यंत्र.

"चष्म्याचा कॅमेरा सोडून दुसरं चित्र थेट डब्यात घालता येतं?" तिनं विचारलं.

"येतं की. सरावासाठी आम्ही संगणकावरून चौकोन, त्रिकोण पाठवतो. त्यासाठी वेगळी वायर आहे."

"ती वायर मला द्या."

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर हेमलतानं बैठकीच्या खोलीत आपला जुना लॅपटॉप मांडला. कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतीचं जुनं चित्रण तिच्याकडे होतं. त्यातलं काही बारा पायऱ्यांत उतरवून तिनं वायर जयसिंगरावांच्या कमरेच्या डब्याला जोडली. जयसिंगराव तरुणपणी सांगलवाडीच्या होडीत तिसऱ्या जागेवर वल्ह्याचे टोले मारायचे. त्यांचे खांदे अजून त्याची साक्ष देत होते.

"काही दिसतंय का?"

"दिसतं की! होड्या चालल्यात. झकास."

तिनं लॅपटॉपला जोडलेली दांडी थोडी सरकवली. "आता?"

"आता अजून स्वच्छ. पाणी कसं चमकतंय!"

हेमलतानं हळूच वायर उपसून हातात घेतली. "आणि आता?"

"आता तर काय, अगदी समोर असल्यागत."

मग ती म्हणाली, "अहो, वायर माझ्या हातात आहे."

जयसिंगरावांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पट्टी सोडली तेव्हा तू शेजारी होतीस. तुझा श्वास अडकलेला मला ऐकू आला, हेमा. बारा वर्षं तू माझ्यापायी वणवण केलीस. समोर नुसता चिखल होता, पण मी म्हटलं, दिसतं. एकदा म्हटल्यावर मागं कसं फिरायचं?"

"आणि परवा माझं कपाळ फुटलं होतं, चार टाके पडले होते."

"काय सांगतेस!" ते ताडकन उठले. हात पुढे करून, चाचपडत त्यांनी तिचं कपाळ शोधलं. पट्टीवरून बोटं फिरवली. "मी तर तुला... अरे देवा. कसला माणूस मी."

हेमलताला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "ऐका. बावीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलेय. ज्या मॉनिटरकडे बघून मी काम करते, तो खोटं दाखवायला लागला की माझ्या हातून पुढे जाणारं सगळं चित्र खोटं होतं. तुमच्या डोळ्यात काय उमटतं ते मला दिसत नाही. तुम्हीच माझे मॉनिटर. तुम्ही खोटं बोललात, तर मी काय डोंबल करणार?"

"आणि खरं सांगितलं तर? रोज 'दिसत नाही' ऐकून घेशील?"

"रोज ऐकेन."

त्या दिवसापासून दोघांची एक भाषा तयार झाली. सगळं एकसारखं करडं दिसलं की जयसिंगराव म्हणायचे, 'चिखल'. नुसता पांढरा झोत आला की 'चुना'. काळं पडलं की 'कोळसा'. हेमलता ऑफिसातून आली, की चहा घेऊन दोघं दोन तास बसायची. चिखल, चुना, चिखल, कोळसा. पहिले दहा दिवस दुसरा शब्द नाही. जयसिंगराव कधी वैतागायचे. "बंद कर ते. डोकं भणभणलं माझं." मग ती बंद करायची. पण "दिसतं" हा शब्द मात्र त्यांनी पुन्हा उगीच वापरला नाही, आणि त्या नकारघंटेतही घर हलकं झालं होतं. आठ महिने दोघांनी एकमेकांना जपून जपून थकवलं होतं.

चूक कुठे होते हे हेमलताला अकराव्या दिवशी कळलं. ती डोळसांची सवय सोडत नव्हती. तिला चित्र सुंदर करायचं होतं. पाण्याला थोडी झळाळी, झाडांना थोडी खोली, पुलाच्या दगडांना थोडा पोत. बारा पायऱ्यांत एवढ्यांचं भागत नाही. डबा प्रामाणिकपणे सगळ्यांना सारखं वाटायचा आणि म्हणूनच कुणालाच काही पुरायचं नाही. इथे पंक्तिप्रपंचच करायला हवा होता. तिनं सगळ्या पाण्याला मिळून एकच पायरी दिली. आभाळाला एक. पूल, काठ, झाडं, माणसांची गर्दी यांना मिळून एक. उरलेल्या नऊ पायऱ्या तिनं एका होडीला आणि तिच्यातल्या माणसांना देऊन टाकल्या.

जयसिंगरावांनी मान किंचित तिरकी केली.

"चिखल?" तिनं विचारलं.

"थांब." त्यांनी हात वर केला. मग तोच हात नकळत मुठीत वळला आणि छातीजवळ आला. "वल्हं. वल्हं आहे ते. वर गेलं... आलं खाली." ते पुढे झुकले. "माणसं आहेत, हेमा. पाठी वाकल्यात त्यांच्या."

डॉ. मुजावरांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच इतरांना बोलावून घेतलं. मिरजेच्या परिसरात चिप बसवलेली एकंदर अकरा माणसं होती. आणि श्रावणातली होड्यांची शर्यत तीन आठवड्यांवर आली होती. हेमलताच्या वाहिनीवरून ती थेट दाखवली जाणार होती.

व्हॅनची तांत्रिक प्रमुख होती प्रणोती देशमाने. बत्तीस वर्षांची, हुशार, कामात कडक. हेमलतानं तिच्यापुढे मागणी ठेवली: एचडीआर आणि एसडीआरच्या जोडीला तिसरी लाइन. सरळ मिरजेच्या रुग्णालयात जाणारी, बारा पायऱ्यांची.

"हेमलताताई, यजमानांसाठी वेगळी वाहिनी काढायची म्हणता?" प्रणोती हसली, पण नंतर तिलाच ते बोचलं असावं. "म्हणजे... रेकॉर्डिंग देते ना तुम्हाला. घरी बसून करा हवं ते."

"रेकॉर्डिंग त्यांनी पाहिलंय. शर्यत नाही पाहिली. कोण जिंकलं हे आधी माहीत असलं तर ती शर्यत राहते का?"

"माणसं किती?"

"अकरा."

"लाखो लोकांच्या प्रक्षेपणात अकरा जणांसाठी?"

"माझं एसडीआरचं पॅनेल या वेळी रिकामंच पडणार आहे. तुमचा कन्व्हर्टर बसणार ना तिथे. मला फक्त ती खुर्ची द्या."

प्रणोतीनं मान डोलावली. "ठीक आहे. पण एसडीआरला तुमचा हात लागायचा नाही. या वेळी कन्व्हर्टरची परीक्षा आहे. वरचे लोक बघणार आहेत."

"नाही लागणार."

शर्यतीच्या दिवशी आभाळ अर्धवट मोकळं होतं. ढग सरकत होते. मध्येच ऊन पडायचं आणि कृष्णेचं गढूळ पाणी पत्र्यासारखं चमकायचं. दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. होड्या वरच्या अंगाला सुटणार, मधल्या जुन्या दगडी पुलाच्या कमानीखालून जाणार आणि घाटापाशी शेवट. सगळी मिळून साडेचार मिनिटांची शर्यत.

मिरजेच्या रुग्णालयातल्या हॉलमध्ये अकरा माणसं डबे जोडून ओळीनं बसली होती. डॉक्टरांनी फोन लावून दिला होता. सगळ्यांच्या वतीनं बोलायला जयसिंगराव. हेमलताच्या कानात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"चुना."

तिनं दांडी खाली ओढली. पाणी एका पायरीत दाबलं, काठ पुसून टाकला.

"आता?"

"होड्या. पाच... नाही, सहा. उभ्या आहेत."

शिट्टी झाली. सहाच्या सहा होड्या सुटल्या. पहिलं दीड मिनिट सुरळीत गेलं. सांगलवाडी आणि डिग्रजच्या होड्या नाकाला नाक लावून पुढे आल्या. पाठलाग करणाऱ्या लाँचवरचा कॅमेरा त्यांच्या बाजूनं चालला होता.

तेवढ्यात ढग सरला. सगळी नदी पेटल्यासारखी झाली. एचडीआरच्या मोठ्या पडद्यावर ते दृश्य विलक्षण सुंदर दिसलं. पण एसडीआरच्या पडद्यावर कन्व्हर्टर गोंधळला. चौकटीभर झगझगाट बघून त्याला वाटलं, उजेड फार झाला. त्यानं सगळंच चित्र खाली ओढलं. पाणी छान दिसायला लागलं, आणि होड्या? नुसत्या काळ्या चिंध्या. पूल तर अजून पुढेच होता. कमानीखाली गेल्यावर तिथे काहीच उरलं नसतं.

"ताई!" प्रणोती ओरडली. "एसडीआर घ्या! ताबडतोब!"

हेमलताचा हात दांडीवर होता. एसडीआर घ्यायचं तर ही तिसरी लाइन सोडायला हवी. लाखो घरांत होड्या काळ्या पडल्या होत्या. मिरजेत अकरा माणसं पहिल्यांदाच काहीतरी बघत होती. बावीस वर्षं तिनं अशा हाकेला एका क्षणाचाही उशीर केला नव्हता.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"या, शेजारी बसा. कन्व्हर्टर बंद करा, हाताखाली घ्या. मी सांगते."

"मी कधी हातानं केलेलं नाही, ताई!"

"आज करा. बसा म्हणते ना!"

प्रणोती येऊन बसली. तिनं कन्व्हर्टर बंद केला आणि शेजारची एसडीआरची दांडी धरली.

"वर न्या. अजून. पाण्याकडे बघू नका, पाणी जाऊ द्या."

"पांढरं फटक पडतंय!"

"पडू दे. लोक पाणी बघायला बसलेले नाहीत. माणसांकडे बघा. पाठी दिसल्या का? बस, तिथेच. आता पूल येतोय. सावली येण्याआधी हात हलवा, आल्यावर नाही. आत्ता!"

दोघींचे हात एकदम सरकले. होड्या कमानीखाली शिरल्या. दोन्ही लहान पडद्यांवर पुलाबाहेरचं जग पांढरं होऊन विरघळलं आणि काळोखात सोळा माणसं वाकताना, ताठ होताना दिसत राहिली.

कानात जयसिंगराव केव्हापासून गप्प होते. हेमलतानं घाबरून विचारलं, "अहो? कोळसा झाला का?"

"आरं त्येचं वल्हं उशिरा पडतंय!"

"कुणाचं?"

"तिसऱ्याचं! सांगलवाडीच्या तिसऱ्याचं! आरं ए, टोला धर की, टोला!" ते फोनवर नव्हतेच. ते होडीत होते. "दमलंय पोरगं. अर्ध्या टोल्यानं मागं पडतंय. गेली, होडी गेली हातची!"

हेमलतानं चमकून मोठ्या पडद्याकडे पाहिलं. समालोचक अजून दोन्ही होड्या बरोबरीत असल्याचं सांगत होता. तिनं तिसऱ्या जागेवरच्या माणसाकडे नीट पाहिलं. खरंच, त्याचं वल्हं इतरांच्या मागून पाण्यात पडत होतं. पुढचा-मागचा सगळा तपशील डोळ्यांपुढे असूनही तिला ते दिसलं नव्हतं. आणि कुणी सांगितलेलं नसताना मिरजेत बसून जयसिंगरावांनी ते पाहिलं होतं.

पाहिलं होतं. यात आता शंका घ्यायला जागाच नव्हती.

सांगलवाडीची होडी अर्ध्या लांबीनं हरली. घाटावर डिग्रजवाल्यांनी गुलाल उधळला. प्रणोतीनं दांडी सोडली, तळहात ओढणीला पुसले आणि ती खुर्चीत मागे रेलली. "बाप रे. हे तुम्ही रोज करत होतात?"

"रोज इतकं नसतं," हेमलता म्हणाली आणि फोनकडे वळली. "हरली हो तुमची होडी."

"हरू दे गं," जयसिंगराव म्हणाले. "हरताना बघितली की."

मग फोनवर दुसराच आवाज आला. कुसुमताई मगदूम, बहात्तर वर्षांच्या, त्याच ओळीत बसलेल्या. "बाई, एक बोलू का? रागावू नका. तुम्ही होड्या दाखवल्या, चांगलं केलंत. पण मला होड्या नको होत्या. माझं माहेर त्या काठावरचं. मला नदी बघायची होती, तर ती तुम्ही पुसूनच टाकलीत."

एका माणसासाठी निवडलेलं चित्र हेमलतानं अकरा जणांच्या डोळ्यात घातलं होतं, आणि बाकीच्या दहांना काय हवं ते विचारलंच नव्हतं. "चुकलं माझं, कुसुमताई," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नदी."

पण पुढच्या वेळी नदी म्हणजे कुणाच्या तरी होड्या जाणार. यातून वाट एकच होती आणि ती त्याच आठवड्यात हेमलतानं डॉ. मुजावरांपुढे मांडली. दांडी तिच्या हातात नको. ज्याचा डोळा, त्याच्या हातात दांडी.

त्याला चौदा महिने लागले. चष्म्याच्या काडीवर दोन लहान चाकं बसली. एकानं उजेडाचा कुठला तुकडा हवा तो निवडायचा, दुसऱ्यानं त्याला किती पायऱ्या द्यायच्या ते ठरवायचं. सांगायला सोपं, हाताला बसायला कठीण. म्हणून हेमलता आठवड्यातून दोन दिवस मिरजेला जाऊन ते शिकवायला लागली. बऱ्याच जणांना आधी सवय लावावी लागे ती सोडून देण्याची. बाजारात गेल्यावर आभाळ कशाला हवं? जेवायला बसल्यावर खिडकी कशाला? उरलेले दिवस ती व्हॅनमध्ये असे. शर्यतीनंतरच्या अहवालात प्रणोतीनं स्वच्छ लिहिलं होतं, की उघड्या पाण्यावरच्या प्रक्षेपणात कन्व्हर्टरशेजारी माणसाची खुर्ची राहिलीच पाहिजे. त्या खुर्चीवर आता पुष्कळदा प्रणोती स्वतःच बसायची, आणि अडलं की, "ताई, जरा बघता का?" म्हणायची.

कुसुमताईंना चाकं मिळाली त्या दिवशी त्या नातवाला घेऊन थेट माहेरच्या घाटावर गेल्या. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त डॉक्टरांकडे पाव किलो पेढे पाठवले.

जयसिंगरावांना चाकं नीट वळवता यायला दीड महिना लागला. कार्तिकात एका सकाळी दोघं सांगलवाडीच्या काठावर जाऊन बसली. पाणी उतरलं होतं, निवळलं होतं. पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं. पुलावरून शाळेच्या गाड्या चालल्या होत्या. ऊन कोवळं होतं आणि हेमलतानं घरून डब्यात उप्पीट आणलं होतं.

जयसिंगराव नदीकडे तोंड करून बराच वेळ चाकं फिरवत राहिले. मग सावकाश तिच्या बाजूला वळले.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"पूल काढून टाकला. पाणीही काढलं. आभाळ तर मगाशीच घालवलं."

"एवढं सगळं घालवलंत? मग ठेवलंत काय?"

"हलू नकोस," ते म्हणाले. त्यांचं बोट चाकावर अगदी केसभर सरकलं. "नाक आलं. डोळे अजून आलेले नाहीत."

"बरं," हेमलता म्हणाली. तिनं डबा बाजूला ठेवला आणि हसू आवरून, फोटोला बसावं तशी, स्थिर बसून राहिली.